दोनने की दोनवर?

मिरजेत संध्याकाळी मी नर्सेसना इंग्रजी शिकवते. बहुतेकजणी परदेशी नोकरीसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतात. त्यात लेखनाला 45 मिनिटं. पहिली 5 नुसती केस नोट्स वाचायला, उरलेल्या 40 मध्ये पेशंटबद्दलचं पत्र लिहायचं. वैद्यकीय शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातले, काळही बरे जमतात. गाडी अडते ती इन, ऑन, टू, बाय इथे.

आपला 'पासून' बघा. 'सोमवारपासून ताप' आणि 'तीन दिवसांपासून ताप', दोन्हीकडे भागतं. इंग्रजीत सोमवारला सिन्स आणि तीन दिवसांना फॉर. 'सिन्स थ्री डेज' आपल्याकडे वॉर्डात सर्रास चालतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून ते मी परीक्षेपुरतं सांगते आणि पुढे जाते.

ऑक्सिजनपाशी मात्र थांबते. पेशंट 6 लिटरवर आहे. 'रिड्यूस बाय टू' म्हणजे दोनने कमी करायचा, म्हणजे 4 वर. 'रिड्यूस टू टू' म्हणजे थेट 2 वर. मराठीत 'दोनने' आणि 'दोनवर' यांत कुणी गोंधळत नाही, कारण प्रत्यय आकड्याला चिकटूनच येतो. इंग्रजीत तो सुटा, आकड्याच्या आधी, आणि घाईत 'टू टू' मधला एक टू गिळला गेला की ऐकणारीने काय समजावं? म्हणून माझ्या वर्गात नियम पक्का: ड्यूटी बदलताना 'फ्रॉम सिक्स टू फोर लिटर्स पर मिनिट' असं पूर्ण बोलायचं, आणि दुसरीने ते परत म्हणून दाखवायचं. याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

बाकी 'लहान जागेला ॲट, मोठ्या जागेला इन' असले नियम मी फळ्यावर लिहीत नाही. 'शी इज इन हॉस्पिटल' म्हटलं की ब्रिटिश माणसाला ती ॲडमिट आहे असं कळतं. 'ॲट द हॉस्पिटल' म्हणजे ती तिथे कामाला किंवा कुणाला भेटायला गेलेली असू शकते. इमारत तीच. जागेच्या लहानमोठेपणावरून हे कसं ठरवणार?

त्यापेक्षा शब्द जोडीनेच पाठ करून घेते. कम्प्लेन्स ऑफ. ॲलर्जिक टू. ॲडमिटेड टू, इथे 'दवाखान्यात' मनात असल्यामुळे हमखास इन येतो. सगळ्यात चिवट ऑपरेटेड ऑन. 'पेशंटला ऑपरेट केलं' हे आपण इतकं सहज बोलतो की पत्रात तो ऑन गळतोच, आणि मग वाक्यातला पेशंट मशीनसारखा चालवलेला वाटतो. पत्र लिहून झालं की आधी ऑपरेट शोधा, ऑन आहे का बघा आणि मगच वही माझ्याकडे द्या, असं मी सांगून ठेवलंय.