गोधडीवर पहारा नसतो

घरात बाई वही घेऊन लिहायला बसली की चार दिवसांत ती वही कुणीतरी चाळतं. रंग आणि कागद आणले तर ‘हे काय नवीन?’ असा प्रश्न येतो. पण जुनी लुगडी पसरून, सुईत दोरा ओवून बसलेल्या बाईकडे कोणी बघतही नाही. ती कामाला बसलीय, एवढंच घराला दिसतं. म्हसवडपासून जतपर्यंत हे सारखंच. म्हणून घरातून आलेल्या जुन्या दुखण्यावर कलेच्या वाटेनं काही करायचं असेल, तर साताऱ्या-सांगलीकडच्या बायांना आम्ही चित्रकलेच्या आधी गोधडी सुचवतो. कुणाच्या तोंडी ती वाकळ असेल. गोधडीवर पहारा नसतो.

दुखणं कोणतं ते वेगळं सांगायला नको. दारू पिऊन आईला मारणारा बाप. पंधराव्या वर्षी उजवलेली, विसाव्या वर्षी माहेरी परत आलेली आत्या, जिचं नाव घरात घेत नाहीत. विटा-खानापूरकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला परमुलखात गेलेला माणूस आणि मागे एकटीनं सगळं ओढणारी बाई. सासूनं सोसलं आणि तेच सुनेला दिलं. ज्या लेकीनं हे नुसतं दाराआडून पाहिलं, तिचंही अंग मोठा आवाज झाला की आजही आकसतं. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं, तरी ते तिच्यापर्यंत पोचलेलं असतं.

पूर्वी याला जात्यावर वाट होती. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा फिरायचा आणि माहेर, सासर, भाऊ, मेलेलं लेकरू सगळं ओवीत यायचं. हात गुंतलेले, नजर खाली, म्हणून तोंड मोकळं. गावात पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, पण ती जागाही गेली. गोधडीत तीच रचना परत मिळते: हात कामात, डोळे टाक्यावर, शेजारी दुसरी बाई, आणि बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी बंडानंतर ज्यांची माणसं नाहीशी केली गेली, त्या सांतियागोच्या बायकांनी चिंध्या जोडून कापडी चित्रं शिवली. काही चित्रांत त्या बेपत्ता माणसांचेच कपडे वापरले होते. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते करू दिलं, चित्र, मातीकाम किंवा चिकटकाम. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा मजला चढवू नये. पण ४५ मिनिटं हा आकडा उपयोगाचा आहे. तेवढा सलग वेळ मिळाला तर हात लयीत येतो. दहा मिनिटांच्या तुकड्यांत येत नाही.

पूर्ण गोधडी पहिल्यांदा घेऊ नका. ती महिनोन्‌महिने चालते, मध्येच माळ्यावर जाते, आणि अर्धवट राहिलेलं काम ‘आपल्याला काहीच तडीला नेता येत नाही’ हे जुनंच वाक्य पुन्हा ऐकवतं. दीड फूट बाय दीड फुटाचं बसकर घ्या. आठवड्याला दोन तास धरले तर आठ आठवड्यांत आरामात होतं.

कापडाची निवड हाच यातला सगळ्यात नाजूक भाग. शिवणीच्या दृष्टीनं सुती हवं, आणि वापरून मऊ झालेलं. टेरिकॉट, नायलॉन घसरतं, सुई अडते. इरकल घेत असाल तर अंगाचा भाग सुती असतो आणि पदर बहुधा रेशमी किंवा नकली रेशमाचा. दोन्ही एकाच ठिगळात घेतले तर धुतल्यावर एक आवळतं, दुसरं फुगतं. खणाचे तुकडे देखणे, पण कडा फार सुटतात, त्याला दुमड जास्त ठेवा. लाल आणि काळ्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग लागला तर ते कापड आधी दोन-तीनदा स्वतंत्र धुवा.

मनाच्या दृष्टीनं क्रम उलटा ठेवावा लागतो. ट्रंक उघडली की हात पहिल्यांदा आईच्या लुगड्याकडे जातो. पहिल्या दिवशी तिथून सुरुवात करू नका. आधी स्वतःचं कापड: स्वतःची जुनी साडी, परकर, शाळेच्या गणवेशाचा तुकडा उरला असेल तर तो. मग ज्यांनी जीव लावला त्यांचं, आजी, मावशी, शेजारची काकू. ज्यानं दुखावलं त्याचं कापड सर्वांत शेवटी, आणि तेही हवं असेल तरच. कुणी बापाचं धोतर आतल्या थरात घालते, कुणी ते घरातसुद्धा नको म्हणते. दोन्ही बरोबर. मयत माणसाचं कापड निवडण्याआधी एकदा धुऊन उन्हात वाळवा, कारण आठवण डोळ्यांआधी नाकातून येते. ट्रंकेचा, डांबर गोळ्यांचा, त्या माणसाच्या अंगाचा वास एकदम आला की बाई कोसळते. धुतल्यावर तो सौम्य होतो. वास तसाच ठेवायचा असेल तर एक तुकडा वेगळा बांधून ठेवा. आणि कापण्याआधी विचारा: हे कापल्याचा पुढे पस्तावा होईल का? शंका असली तर कात्री खाली. महापुरात ज्यांच्या ट्रंकाच वाहून गेल्या, २०१९ मध्ये कृष्णाकाठी असं पुष्कळ घरांचं झालं, त्यांच्यासाठी आठवणीतल्या साडीच्या रंगाचं नवं सुती कापड आणून, दोनदा धुऊन खळ काढून घेतलं तरी चालतं. ते खोटं ठरत नाही.

आता माप. खालचा थर २१ इंच चौरस. आतले दोन थर १८ इंच चौरस. वर सोळा ठिगळं, चार ओळींत चार. प्रत्येक ठिगळ ५ इंच कापून चारी बाजूंनी अर्धा इंच दुमडलं की ४ इंच उरतं, म्हणजे मधला भाग १६ इंचांचा होतो आणि भोवती एक इंच मोकळं राहतं. खालच्या थराची कड अर्धा इंच आत दुमडून वर घेतली की ती बरोबर त्या एक इंचावर बसते.

थर जमिनीवर ताणून पसरा, सुरकुती हातानं बाहेर सारा, आणि कच्चा टाका मध्यापासून चार कोपऱ्यांकडे घाला. इथे घाई झाली की पुढे हमखास झोळ येतो. कडेकडून आत शिवत गेलं की सैल कापड मध्याकडे सरकतं आणि तिथे फुगा राहतो. कच्चा टाका ते सरकणं थांबवतो. मग धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनात आत आत. दोन ओळींत अर्धा इंच, एका इंचात तीन-चार टाके. अशी सगळी मिळून पन्नासेक फूट शिवण होते. दोरा दुहेरी घेतला तरी एक मोठं रीळ पुरतं. सुईतला दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की पीळ बसतो, गाठी पडतात आणि कापडातून पुन्हापुन्हा घासून तो झिजतो. त्यावर मेण फिरवा, बोटात अंगुस्तान घाला.

टाक्यांवरून बाईचं काय चाललंय ते कळतं, शिकवणारीनं तिकडे लक्ष ठेवावं, तोंडाकडे नव्हे. दोरा एवढा ओढला जातो की कापड चुणतं, टाके एकदम बारीक आणि घट्ट होतात, तेव्हा आत काहीतरी वर आलेलं असतं. ‘काय झालं?’ असं विचारू नये. ‘दोरा थोडा सैल सोडा, पाणी प्या’ एवढंच म्हणावं. ती सांगेल तर सांगेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हात बसला की, नावांचं काम घ्यावं. आमच्या मते सगळ्या आठ आठवड्यांतलं हे सर्वांत मोलाचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं. त्या दिवशी मुलीचं जुनं नाव पुसलं जातं आणि दोन पिढ्यांत कुणालाच आठवत नाही. म्हणून चार ठिगळांवर चार नावं: आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, मग आईचं, स्वतःचं आणि लेकीचं. आणि ती माहेरची. लेक नसेल तर भाचीचं, किंवा ठिगळ कोरं. आजीचं माहेरचं नाव बहुतेकींना सांगता येत नाही. मग मामाला फोन जातो, गावातल्या म्हाताऱ्या आत्याकडे चौकशी होते. नाव शोधताना गोष्टी निघतात: आजीला किती लेकरं झाली, किती जगली, ती माहेरी का जात नव्हती. आईनं आपल्याला का जवळ घेतलं नाही याचं उत्तर कधीकधी आजीच्या नावामागे सापडतं. नाव मिळालंच नाही, तर त्या ठिगळावर मधोमध एक रेघ शिवा. रिकामी जागाही त्या घराची खरी माहिती आहे.

अक्षरं इंचभर उंच घ्या, शिंप्यासारखी साबणाच्या पातळ तुकड्यानं कापडावर आखून. कशिद्याच्या सहापदरी दोऱ्यातले तीन पदर, साखळी टाका. शिरोरेषा शेवटी आणि सैल हातानं ओढा, आधी घातली तर कापड आखडतं. लिहिता येत नसलेलीला आखून द्यावं, पण शिवायचं तिनंच. आपलं नाव पहिल्यांदा स्वतःच्या हातानं उमटताना पाहणारी बाई त्या दिवशी फार बोलत नाही. तिला बोलायला लावू नये.

गट करायचा तर सहा ते आठ जणी, त्याहून जास्त नको. सासू-सून, जावा-जावा एका गटात घेऊ नका, कितीही गोडीत असल्या तरी. देवळाच्या सभामंडपात सतत ये-जा असते. मुलं गेल्यावरची अंगणवाडीची खोली बरी. वेळ दुपारी एक ते तीन, म्हणजे संध्याकाळच्या धारेला आणि डेअरीच्या वेळेला आड येत नाही. चैत्र-वैशाखात कापड झटपट वाळतं, तेव्हा सुरू करावं. हळद शिजवणीच्या आणि ज्वारी काढणीच्या दिवसांत कुणीच येणार नाही, त्यावरून बाईला बोल लावू नये. पहिले दोन आठवडे फक्त कापड, माप, शिवण. घरचा विषय शिकवणारीनं काढायचा नाही. फोटो काढायचे नाहीत, गावच्या ग्रुपवर तर नाहीच. एक फोटो सासरी पोचला की ती बाई पुन्हा येत नाही.

आणखी एक चूक फार होते: ‘जाऊ दे आता, माफ करून टाक’ असं कुणीतरी मायेनं म्हणतं. माफ करायचं की नाही हा तिचा प्रश्न आहे, आणि तो आठ आठवड्यांत सुटायलाच हवा असं काही नाही. ‘माझं तर याहून वाईट होतं’ हेही तिथल्या तिथे थांबवा. उसवायची मुभा मात्र असू द्या, ब्लेड जवळ ठेवा. एखादं ठिगळ लावून काढणं, पुन्हा दुसरीकडे लावणं, यात वेळ वाया जात नाही.

कुणी एकदम बधिर झाली, नजर एका जागी खिळली, हाक ऐकू येईना, तर आधी सुई-कात्री बाजूला. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, गार पाणी हातावर घाला, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायला लावा. श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब. त्या दिवशी शिवण बंद, आणि तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. झोप उडालीय, जेवण तुटलंय, जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली, तर हे काम गोधडीचं नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि जवळच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार डॉक्टरांकडे सोबत जावं. घरात आजही मारहाण सुरू असेल तर आधी सुरक्षितता: तातडीला ११२, महिलांसाठी १८१, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार. चालू मारावर गोधडीचं पांघरूण घालायला कुणी सांगत असेल तर त्या माणसापासून दूर राहा.

बसकर पुरं झालं की ते कुठे ठेवायचं हे शिवणारीनंच ठरवावं. कुणी देवघरापुढे टाकते, कुणी ट्रंकेच्या तळाशी, कुणी लेकीच्या हवाली करते. प्रदर्शनात मांडायचा आग्रह नको. पहिली धुणी एकट्याची, गार पाण्यात, सोड्याविना. पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळवताना दोरीवर एका कोपऱ्यानं टांगू नका. ओल्या सुताचं वजन चार थरांचं असतं, आणि ते नेमकं नव्या टाक्यांवर येतं. गच्चीच्या कठड्यावर किंवा बाजेवर सपाट पसरा, नावं खालच्या बाजूला, म्हणजे उन्हानं दोऱ्याचा रंग उडत नाही.