सातवं प्रकरण आणि डबल बुकिंगचा बग

टीममधल्या एका नव्या पोराने परवा विचारलं, व्हिडिओ आहेत, एआय आहे, तरी तू अजून पाच-सहाशे पानांची पुस्तकं कशाला वाचत बसतोस? तेव्हा पटकन काही सुचलं नाही, मग नंतर तो बग आठवला.

आमच्या सिस्टिममध्ये मीटिंग रूम बुक करायची सोय होती. कोड अगदी साधा, आधी डेटाबेसवर सिलेक्ट मारून त्या वेळेत कुणाचं बुकिंग आहे का बघायचं, नसेल तर इन्सर्ट म्हणजे नवी नोंद, आणि हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या आत (सगळ्या पायऱ्या एकत्र होणार, नाहीतर एकही नाही), त्यामुळे मी निवांत. तरी अधूनमधून एकाच रूमच्या दारात दोन टीम हजर. माझ्या मशीनवर बग येईचना. लॉग टाकले, कॅशवर (आधी आणलेल्या डेटाची तात्पुरती साठवण) संशय घेतला, फ्रंटएंडवाल्याशी भांडून झालं (बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता). गूगल करायचं तर काय टाकून करायचं, या प्रकाराला म्हणतात काय तेच माहीत नाही!

मग कुठेतरी डोक्यात आलं की असलं काहीतरी आपण वाचलंय. मार्टिन क्लेपमनचं डेटा सिस्टिम्सवरचं पुस्तक 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स', २०१७ची आवृत्ती, सातवं प्रकरण, ट्रान्झॅक्शन्स. उघडलं तर माझ्याच पेन्सिलच्या खुणा! ऑन-कॉल डॉक्टरांचं उदाहरण आहे, दोघंही बघतात की दुसरा ड्युटीवर आहे, दोघंही एकाच वेळी सुट्टी टाकतात आणि ड्युटीवर कुणीच उरत नाही. याला राइट स्क्यू (write skew) म्हणतात. आणि थोडं पुढे चक्क मीटिंग रूमचंच उदाहरण. म्हणजे सगळं वाचलेलं, खुणा केलेल्या, आणि दोन दिवस मी कॅशला शिव्या घालत होतो.

या वेळी नुसतं वाचलं नाही. दोन टर्मिनल उघडले, पोस्टग्रेसला म्हणजे आमच्या डेटाबेसला दोन कनेक्शन. दोन्हीकडे बिगिन, दोन्हीकडे सिलेक्ट, दोन्हीकडे शून्य ओळी, दोन्हीकडे इन्सर्ट, कमिट, कमिट. दोन्ही आरामात गेले. एकाच वेळी चाललेली ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची, याच्या लेव्हल असतात. पोस्टग्रेसची डीफॉल्ट लेव्हल रीड कमिटेड, म्हणजे दुसऱ्याचं कमिट झालेलं तेवढंच दिसतं, तिथे हे चालणारच. वाचलेल्या ओळी लॉक करणारं सिलेक्ट फॉर अपडेट लावून बघितलं तरी तेच, कारण लॉक करायला मुळात ओळच नाहीये, आपण 'काही नाही' हे तपासतोय. सीरियलायझेबल ही सगळ्यात कडक लेव्हल केल्यावर मात्र दुसऱ्याला एरर आली. शेवटी आम्ही एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट टाकला, एकाच रूमच्या वेळा एकमेकींवर आल्या की डेटाबेसच इन्सर्ट नाकारतो. एक छोटं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत एक बदल, बस.

तर त्या पोराला उत्तर हे, की पहिल्या वाचनातून मला फक्त पत्ता मिळाला होता. समजलं दुसऱ्या वाचनात, हातात जळता प्रॉब्लेम असताना. पण पत्ता नसता तर मी एआयलाही कॅशबद्दलच विचारत बसलो असतो, आणि त्याने उत्साहाने उत्तरं दिली असती.

उलटंही होतं म्हणा. पहिल्या नोकरीत १९९४चं ते 'डिझाइन पॅटर्न्स' वाचलं, कोडच्या रचनेचे २३ पॅटर्न म्हणजे ठरलेले साचे, आणि दोन प्रकारच्या रिपोर्टसाठी फॅक्टरी, स्ट्रॅटेजी, ऑब्झर्व्हर सगळं घातलं. तो कोड वाचणाऱ्याने माझं नाव नक्कीच काढलं असेल. प्रॉब्लेम नसताना उत्तर पाठ केलं की असं होतं.

फ्रेमवर्कची पुस्तकं मी घेतच नाही, वाचून होईपर्यंत नवीन व्हर्जन आलेलं असतं. पण कोडचं काम न बदलता त्याची रचना सुधारण्यावरचं फाउलरचं 'रिफॅक्टरिंग' १९९९ला जावामध्ये आलं, २०१८च्या आवृत्तीत उदाहरणं जावास्क्रिप्टमध्ये आली, आणि एक्स्ट्रॅक्ट फंक्शन (कोडचा तुकडा काढून वेगळं फंक्शन करणं) अजून एक्स्ट्रॅक्ट फंक्शनच आहे. आधी त्याला एक्स्ट्रॅक्ट मेथड म्हणायचे एवढंच.

सध्या फेदर्सचं लेगसी कोडवालं, म्हणजे हात लावायला भीती वाटते अशा जुन्या कोडवरचं, २००४चं पुस्तक आमच्या बिलिंग मॉड्यूलच्या शेजारी उघडं आहे. कोड काय करायला हवा ते सोडा, आत्ता काय करतोय त्याच्या टेस्ट आधी लिहा, असं तो सांगतो. दोन लिहून झाल्या, एकीत तर चुकीचं राउंडिंग जसंच्या तसं नोंदवलंय. तिसरी अडकलीये, कारण ते फंक्शन आतल्या आत थेट सिस्टिमचा टाइम घेतं, मग उत्तर दर वेळी वेगळं. उद्या तो टाइम बाहेरून पास करून बघतो.