चाळीस टेस्ट प्रोजेक्ट, रिस्टोअर एकदाच

आमच्या डॉटनेट सोल्यूशनमध्ये (एकत्र ठेवलेल्या प्रोजेक्टच्या संचात) चाळीसेक टेस्ट प्रोजेक्ट आहेत. सीआयची (कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची) स्क्रिप्ट लूपमध्ये प्रत्येकावर 'डॉटनेट टेस्ट' चालवायची. ही कमांड आधी रिस्टोअर करते (लागणारी पॅकेजेस आणते), मग बिल्ड, मग टेस्ट. म्हणजे सगळ्यांची सामायिक लायब्ररी चाळीस वेळा तपासली जायची. वेळ वाचवायला लूप समांतर केला, तर दोन प्रोसेस एकदमच त्या लायब्ररीच्या ओबीजे फोल्डरमध्ये (बिल्डच्या मधल्या फाइली असतात तिथे) लिहायला गेल्या आणि 'फाइल लिहायला उघडता येत नाही' असा सीएस२०१२ एरर आला. तोही कधी येणार, कधी नाही.

शेवटी लूपच काढला. आता सोल्यूशनवर एकदा 'रिस्टोअर', मग 'बिल्ड --नो-रिस्टोअर -सी रिलीज', मग 'टेस्ट --नो-बिल्ड -सी रिलीज'. शेवटचं '-सी रिलीज' राहिलं तर टेस्ट डीबग फोल्डरमध्ये डीएलएल शोधत बसते.

पॅकेजच्या आवृत्त्या मुळाशी असलेल्या 'डायरेक्टरी.पॅकेजेस.प्रॉप्स'मध्ये नेल्या. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवृत्ती लिहिलेली उरली की एनयू१००८ एरर येतो. तो आला की बरंच वाटतं, कुठे साफसफाई राहिली ते कळतं.

खरा वेळ खाल्ला 'इजटेस्टप्रोजेक्ट'ने, म्हणजे प्रोजेक्ट टेस्टचा आहे का हे सांगणाऱ्या प्रॉपर्टीने. एक्सयुनिट (टेस्ट लिहायला), कव्हरलेट (कव्हरेज मोजायला) वगैरे पॅकेज टेस्ट प्रोजेक्टना आपोआप मिळावेत म्हणून 'डायरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स'मध्ये (खालच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये) ही अट घातली, पण ती कधी खरीच ठरेना. कारण ही प्रॉपर्टी टेस्ट एसडीकेच्या पॅकेजमधून येते आणि पॅकेजच्या प्रॉप्स फाइल आपल्या फाइलनंतर वाचल्या जातात. पहिल्या रिस्टोअरला तर त्या नसतातच. त्यापेक्षा प्रोजेक्टचं नाव '.टेस्ट्स'ने संपतं का, एवढंच तपासा. आणखी एक खोच: टेस्ट फोल्डरमध्ये वेगळी 'डायरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स' ठेवली तर एमएसबिल्ड (डॉटनेटचं बिल्ड करणारं साधन) तिथेच थांबतो, वरची फाइल शोधत नाही. वरची फाइल 'गेटपाथऑफफाइलअबव्ह' वापरून स्वतः इम्पोर्ट करावी लागते.

लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची याची नोंद) चालू करून रिपॉझिटरीत टाकल्या. सीआयवर रिस्टोअरला '--लॉक्ड-मोड' द्या. कोणी पॅकेज बदलून लॉक फाइल टाकायला विसरलं तर एनयू१००४ एरर येऊन बिल्ड तिथेच थांबतो. सीआयच्या कॅशची किल्लीही याच फाइलींच्या हॅशवरून बनवा आणि कॅशमध्ये फक्त नुगेटचं (डॉटनेटच्या पॅकेज मॅनेजरचं) पॅकेज फोल्डर ठेवा, बिल्डमधून तयार होणारे बिन-ओबीजे फोल्डर नको. मर्ज करताना लॉक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने जोडाजोड करू नका. फाइल काढून टाका आणि 'रिस्टोअर --फोर्स-इव्हॅल्युएट' चालवा.