थ्रिलरच्या टायटलला कुठला फॉन्ट लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

फिल्म किंवा मास मीडिया शिकणाऱ्या पोरापोरींचे मला जे मेसेज येतात त्यातला सगळ्यात जास्त वेळा येणारा हा, 'दादा, थ्रिलर केलीये, ओपनिंग टायटल्स मराठीत करायचीत, कुठला फॉन्ट लावू?' आणि सोबत बहुतेक वेळा एका फॉन्टचा स्क्रीनशॉट असतो, त्यात अक्षरांमधून रक्त ओघळत असतं. प्रत्येकाला दोन ओळीत उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी हे, की घाबरवायचं काम फॉन्टवर टाकू नका. रक्त, तडे, ओरखडे यांनी बघणाऱ्याला पहिल्याच सेकंदाला कळून जातं की आता भीती वाटायला हवी, मग सस्पेन्स उरतो कुठे? 1960 च्या 'सायको' या फिल्मची, ग्राफिक डिझायनर सॉल बासने केलेली टायटल्स काढून बघा. अक्षरं एकदम साधी, ठळक, वर्तमानपत्राच्या हेडलाइनला शोभतील अशी, पण आडव्याउभ्या पट्ट्या सटासट धावत येतात, नावाचे आडवे काप होतात, जुळतात, परत सरकतात, आणि वर संगीतकार बर्नार्ड हरमनची ती अंगावर येणारी व्हायोलिनं. अक्षर साधं, आणि त्या साध्या अक्षराला काहीतरी होतंय, भीती त्यातून येते.

पण म्हणून तेच उचलून देवनागरीत करायला जाऊ नका हां. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेघेने बांधलेली. इंग्रजी थ्रिलरमध्ये ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, हळूहळू वाढवत नेतात, अक्षरं एकमेकांपासून लांब जातात आणि अस्वस्थ वाटायला लागतं, हे तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. मराठीत तेच केलं की शिरोरेघेत फटी पडतात, काना एकीकडे अक्षर दुसरीकडे, आणि शब्द नुसता मोडलेला दिसतो. त्यापेक्षा अख्खा शब्द चार सेकंदात 100 वरून 104 टक्क्यांपर्यंत मोठा करा, डोळ्याला कळतही नाही नीट, पण काहीतरी जवळ येतंय असं वाटत राहतं.

आणि खरं सांगू का, शिरोरेघ ही अडचण नाहीच, थ्रिलरसाठी आपल्याकडे असलेली ती सगळ्यात भारी गोष्ट आहे. समजा फिल्मचं नाव 'भास' आहे. आपण हाताने लिहिताना बरेचदा आधी अक्षरं काढतो आणि मग वरून रेघ मारतो, तसंच पडद्यावर करा. आधी काळ्यावर फक्त अक्षरं, रेघ नाही. भ आणि म दिसायला एवढे जवळचे की बघणारा क्षणभर ठरवू शकत नाही हे भास आहे का मास. मग उजवीकडून रेघ सुरू करा, स वरून, कान्यावरून डावीकडे सरकत येऊ दे, आणि भ च्या डोक्यावर अर्ध्यातच थांबवा. पूर्ण होईल असं वाटलेलं पूर्ण होत नाही, आणि त्या उरलेल्या फटीमुळेच नाव वाचता येतं, कारण म ची रेघ सलग असते, भ ची डावीकडे तुटलेली. रेघ थांबते त्याच फ्रेमला आवाजही तोडा. यात एकही इफेक्ट लागत नाही, एक मास्क (रेघेचा भाग झाकणारा आकार) आणि चार कीफ्रेम्स (हालचाल कुठल्या क्षणी कुठे असेल त्याच्या खुणा). घ आणि ध ची जोडी पण अशीच आहे, तुमच्या नावात यातलं काही असेल तर सोडू नका. नसेल तर दुसरं, शब्द वरून खाली उघडा, आधी नुसती रेघ आणि वरच्या मात्रा वेलांट्या, आणि एक दीड सेकंद तिथेच थांबा, कारण आपल्या अक्षरांची ओळख बरीचशी रेघेच्या खाली असते.

आता फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर खंड आहे, टेको आहे, मुक्ता आहे, तिन्ही फुकट आणि ओपन लायसन्सवाले, म्हणजे फिल्म फेस्टिव्हलला पाठवताना परवानगीचं टेन्शन नाही. थ्रिलरला मला खंड आवडतो, अरुंद आहे, लांब आडनावंही एका ओळीत बसतात. रोझा वन दिसतो देखणा पण त्याच्या बारीक रेषा फोनवर, कॉम्प्रेशन झाल्यावर, तुटायला लागतात, आणि तुमची फिल्म बहुतेक लोक फोनवरच बघणार आहेत. ल आणि श मात्र तपासाच. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त, 2009 च्या शासन निर्णयात हीच रूपं आहेत, पण बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाची येतात.

आफ्टर इफेक्ट्समध्ये (टायटल अ‍ॅनिमेट करायचं सॉफ्टवेअर) पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षराचा पाय मोडून आला तर फॉन्टला शिव्या घालू नका, प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिन बघा, साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न असा पर्याय असतो (नव्या व्हर्जनमध्ये नाव वेगळं दिसेल). तरी मी सांगेन की टायटल इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवा, आउटलाइन्स करा, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून घ्या, आणि मग आणा. एकेक कॅरेक्टर अ‍ॅनिमेट करणारे तयार प्रीसेट वापरले की रफार एकीकडून येतो आणि अक्षर दुसरीकडून.

बाकी बारीकसारीक. पांढराशुभ्र रंग नको, थोडा मळका पांढरा घ्या. कडेपासून दहा टक्के आत राहा. नाव स्वतः मनात दोनदा वाचून होईल एवढा वेळ पडद्यावर ठेवा.

आणि नावांबद्दल मला फार वाटतं म्हणून सांगतो. छायांकन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, यातल्या कित्येकांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर येणार असतं, त्यांचे आईबाबा ते बघायला येऊन बसणार असतात. तिथे दीर्घ चुकला किंवा 'धनश्री'चं 'घनश्री' झालं तर ते त्यांना कायम दिसत राहणार. सगळ्यांकडून नाव व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याच हाताने टाइप करून घ्या, तेच कॉपी करा, आणि फायनल रेंडरमधल्या त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट ज्याचा त्याला पाठवून ओके आल्याशिवाय एक्स्पोर्ट लॉक करू नका.