डार्विनच्या परसात

लंडनला जाणारे बहुतेक लोक नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जिन्यावर बसलेल्या डार्विनच्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो काढतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. डार्विन खरा भेटतो तो डाऊन गावात. व्हिक्टोरियाहून ब्रॉम्ली साऊथपर्यंत लोकल, पुढे १४६ नंबरची बस. ब्रॉम्लीची दुकानं मागे पडली की रस्ता इतका चिंचोळा होतो की दोन्ही बाजूंची कुंपणं बसच्या काचांना घासायला लागतात. लंडनमध्येच नोकरी करणारी भाची सोबत होती. "मामा, इथं नक्की काहीतरी आहे ना?" तिनं दोनदा विचारून घेतलं.

गाव म्हणजे एक चर्च, दोन पब, थोडी घरं. तिथून लक्स्टेड रोडनं दहा मिनिटं चाललं की डाऊन हाऊस. सप्टेंबर १८४२ मध्ये डार्विन इथं राहायला आला आणि १९ एप्रिल १८८२ ला इथंच गेला. त्याआधी 'बीगल' जहाजावर जवळजवळ पाच वर्षं पृथ्वी पालथी घातली होती, पण १८३६ मध्ये परतल्यावर त्यानं पुन्हा कधी ब्रिटन सोडलं नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत गालापागोसची बेटं आणि फिंच पक्ष्यांच्या चोचीच येतात. खरं तर कुठला फिंच कुठल्या बेटावरचा, याची धड नोंदही त्यानं ठेवली नव्हती. त्या वेगवेगळ्या जाती आहेत हे परतल्यावर लंडनमध्ये जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञानं सांगितलं. माझ्या मते गालापागोसला जरा जास्तच श्रेय मिळालंय. उत्क्रांतीच्या सिद्धांताला हाडंमांस चढलं ते या घरात आणि मागच्या परसात.

तळमजल्यावर अभ्यासिका आहे, मूळचं सामान परत आणून मांडलेली. खुर्चीला चाकं लावलेली. लिहिताना तो तिच्या हातांवर एक फळी आडवी ठेवी, टेबलाची भानगडच नाही. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक. इथंच १८४६ पासून आठ वर्षं त्यानं बार्नॅकल कापले. खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटून बसणारे हे कवचातले जीव. त्यांत माणूस आठ वर्षं रमतो म्हणजे चिकाटी कुणाची जास्त, असा प्रश्न पडावा.

वास्तविक १८४४ मध्येच त्याच्याकडे सिद्धांताचा २३० पानांचा मसुदा तयार होता. मी अचानक गेलो तर हे छापण्यासाठी ४०० पौंड बाजूला काढ, असं पत्र त्यानं एमासाठी लिहून ठेवलं होतं. एमा ही त्याची बायको आणि सख्खी मामेबहीण.

"म्हणजे आपल्यासारखंच की!" भाची हसली.

आपल्याकडे मामाची मुलगी करणं अगदी रीतीतलं. डार्विनच्या जिवाला मात्र त्याचा घोर लागला. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची लाडकी ॲनी १८५१ मध्ये गेली, ते दुःख त्याला कधी पेललं नाही. जवळच्या नात्यातल्या संकराचे परिणाम त्यानं पुढे वनस्पतींवर वर्षानुवर्षं तपासले. १८७१ च्या जनगणनेत आते-मामेभावंडांच्या लग्नांबद्दल प्रश्न घालावा म्हणून त्यानं खटपट केली, पण ती मानली गेली नाही.

आम्ही मागच्या दारानं हिरवळीवर आलो. इथल्या बागेतच त्यानं तीन फूट लांब, दोन फूट रुंद जमीन खणून साफ केली आणि आपोआप उगवणारं तण मोजत राहिला. ३५७ रोपं उगवली, त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. नैसर्गिक निवड समजायला एवढा तुकडा पुरतो. जन्माला येतात पुष्कळ, टिकतात थोडे. प्रत्येकात थोडाफार फरक असतो. ज्याचा फरक त्या जागी, त्या वेळी उपयोगी पडला त्याची पिल्लावळ पुढे जाते आणि तो फरकही सोबत जातो. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं की जात बदलते. निवडणारा कुणी नसतो. 'बळी तो कान पिळी' असा याचा अर्थ आपण सर्रास लावतो, तो चूकच. गोगलगाईला बेचव लागणारं रोपटं काही बलवान नसतं.

माणूस निवडायला लागला तर काय होतं हे पाहायला त्यानं १८५५ पासून कबूतरं पाळली आणि लंडनच्या कबूतरबाजांच्या दोन क्लबांत नाव घातलं. लक्का, लोटण हे प्रकार आपल्याकडच्या शौकिनांना ठाऊकच आहेत. मद्रासहून वॉल्टर एलियट यांनी कबूतरांची कातडी पाठवली, त्याचा उल्लेख 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' या त्याच्या मुख्य ग्रंथातही आहे. इकडे घरात खारट पाण्याच्या बरण्यांत बिया बुडवलेल्या. ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. म्हणजे समुद्रातल्या बेटावर झाड पोचायला चमत्काराची गरज नाही.

हे सगळं चालू असताना १८ जून १८५८ ला मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचं पत्र आलं. त्यात हाच सिद्धांत! १ जुलैला लिनीअन सोसायटी या लंडनच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. वॉलेस हजारो मैलांवर होता, आणि डार्विनही गेला नाही. तीनच दिवसांपूर्वी स्कार्लेट फीव्हरनं त्याचं तान्हं बाळ दगावलं होतं. मग मात्र त्यानं हात आवरता घेतला नाही. २४ नोव्हेंबर १८५९ ला तो ग्रंथ आला.

काचघरात शिरताच मी कीटकभक्षी वनस्पतींपाशी अडकलो. पानांवर तांबूस केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, एका थेंबात चिलट फसलेलं. कासच्या पठारावर सप्टेंबरात पोटावर आडवं पडून जिचे फोटो काढतात त्या दवबिंदूचीच ही नातलग. डार्विननं या झाडांना मांस, उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग असं काय काय भरवलं होतं.

हिरवळीत एक गोल, मध्ये भोक असलेला दगडही आहे. गांडुळं खालची माती वर आणतात आणि दगड हळूहळू खचतो. किती खचला हे मोजायचं यंत्र होरेस या मुलानं बनवलं. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला त्यांच्यासमोर पियानो वाजवला, बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं, शिट्टी फुंकली. ढिम्म! गांडुळांची कुंडी पियानोवरच ठेवली तेव्हा मात्र ती बिळात पळाली. हादरा कळतो, सूर कळत नाही. भाचीला सगळ्या घरात हीच गोष्ट सर्वांत आवडली.

शेवटी सँडवॉक. झाडांमधून जाणाऱ्या या पायवाटेवर तो रोज फेऱ्या मारी. सुरुवातीला गारगोट्या रचून ठेवायच्या आणि दर फेरीला एक लाथेनं उडवायची, म्हणजे विचारांच्या नादात मोजणी चुकायची नाही. आम्हीही फेरी मारली. चिखल होता, बूट खराब झाले.

बसला वेळ होता म्हणून गावातल्या चर्चमध्ये डोकावलो. मनोऱ्यावर डार्विनच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ आहे, आवारात एमाची समाधी आहे. डार्विन मात्र इथं नाही. त्यालाही याच मातीत जायचं होतं आणि गावच्या सुतारानं त्याच्या मनाजोगी साधी, रंधा-पॉलिश न केलेली शवपेटी बनवलीही होती. पण मोठ्या लोकांनी लंडनचं मोठं चर्च, वेस्टमिन्स्टर ॲबी, ठरवलं आणि पेटी सुताराकडे परत आली. नवी पेटी इतकी चकचकीत होती की तिच्यात बघून दाढी करता आली असती, असं तो सुतार पुढे कुरकुरत सांगायचा.