नोंदवहीतला नकार

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत मी एका केंद्राचा केंद्राध्यक्ष होतो. दुपारी रांग ओसरली होती. साठी उलटलेले एक गृहस्थ आले. यादीत नाव सापडलं, १७-ए या मतदारांच्या नोंदवहीत सही झाली, बोटाला शाई लागली. तिसरा मतदान अधिकारी मतासाठी मशीन खुलं करणारं कंट्रोल युनिटचं बटण दाबणार तोच ते म्हणाले, “थांबा. मला मत द्यायचं नाही. ४९-ओ लिहून घ्या.”

इतक्या निवडणुका केल्या, पण सही झाल्यावरही मत नाकारता येण्याचा हा नियम फक्त प्रशिक्षणात ऐकलेला. पुस्तिका उघडावी लागली.

“काका, मशीनवर नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’चं बटण आहे की.”

“माहितीये. २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने द्यायला लावला. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी निवडून कोण येतो? त्याच्या खालोखालचा उमेदवारच ना? महापालिकेला तसं झालं तर राज्य निवडणूक आयोगाने गेल्या वर्षीच फेरनिवडणूक ठरवून टाकली. मग आमदारकीला का नाही?”

ती निवडणूक राज्य आयोग घेतो, ही भारत निवडणूक आयोग, एवढं मला सांगता आलं असतं. पण त्यातून खातं कुणाचं ते कळतं, ‘का नाही’ ते कळत नाही. शिवाय त्या खुर्चीत मत मांडायची मुभा नसते. (मनातून मला त्यांचं पटत होतं, हे आता सांगायला हरकत नाही.)

मी फक्त पद्धत सांगितली. नोटाचा आकडा निकालात जाहीर होतो. हा नकार १७-सीच्या, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मच्या, एका ओळीत बसतो आणि पाकिटात जातो. वर गुप्तताही राहत नाही. न्यायालयाने नोटा दिला तो याच कारणाने. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी माना वर करून बघतच होते.

“बघू देत,” काका म्हणाले. “लपून नाही म्हणायची सवय नाही मला.”

शेऱ्याच्या रकान्यात मी ‘मतदान करण्यास नकार’ लिहिलं. शेजारी त्यांनी सही केली. आधीची सही नुसता फराटा होती. ही पूर्ण नावाची, सुवाच्य.

संध्याकाळी हिशेब जुळवला. नोंदवहीत ७१३, मशीनवर ७१२, आणि मधे ती एक ओळ. १७-सीच्या प्रती वाटताना एक प्रतिनिधी हसला, “ते आमचेच हो. उमेदवारावर रुसलेत.”

“तुमचे कसले? वर्षानुवर्षं आमचे मतदार आहेत ते,” दुसरा उसळला.

त्यांचं चालू राहिलं. मी सील करायची लाख तापवायला घेतली.