रिले वाजत होता, तरी क्लच लागत नव्हता

दुसऱ्या एका गॅरेजने ‘कॉम्प्रेसर बदलावा लागेल’ असं लेखी दिलं होतं, तो कागद घेऊनच ते काका माझ्याकडे आले. तक्रार अशी की गाडी सुरू केल्यावर एसी झकास थंड करतो, पण अर्ध्याएक तासाने जाळीतून कोमट हवा यायला लागते. गाडी थोडा वेळ बंद ठेवून परत सुरू केली की पुन्हा थंड. मला ऐकतानाच खटकलं. आतून झिजलेला कॉम्प्रेसर असा विश्रांती घेऊन बरा होत नाही. तापलं की काम सोडायचं आणि निवलं की धरायचं, हे लक्षण बहुतेक वेळा इलेक्ट्रिकलचं असतं.

आधी बिघाड डोळ्यांदेखत होऊ द्यायचा, मगच पाना उचलायचा, असं ठरवलं. एसी लावून इंजिन चालू ठेवलं. कोमट हवा सुरू झाल्यावर टॉर्च मारून पाहिलं तर कॉम्प्रेसरची पुली फिरत होती, पण तिच्यापुढची क्लच प्लेट जागच्या जागी. हा गिअरचा क्लच नव्हे; करंट मिळाला की पुलीला धरून कॉम्प्रेसर फिरवणारा, एसीचा क्लच. गॅसचा दाब मोजायला गेज लावले. गॅस निघून गेलेला नव्हता, म्हणजे दाब कमी पडल्यामुळे प्रेशर स्विच क्लचचा सप्लाय कापत होता असंही नाही.

आता क्लचला करंट देणारा रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा विजेचा स्विच, शोधायचा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पार पुसून गेलेला. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराला आत बसवून एसीचं बटण चालू-बंद करायला लावलं आणि एकेका रिलेवर बोट ठेवत गेलो. यात एक गोम आहे. एसी लावला की कंडेन्सरच्या, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्याचा रिलेही त्याच वेळी ओढला जातो, त्यामुळे बोटाखाली दोन रिले टकटक करत होते. चालू इंजिनवर अंदाजाने रिले उपटायचा नाही हा माझा नियम. फ्युएल पंपाचा हातात आला तर गाडीच बंद पडते. इंजिन बंद करून दोघांतला एक काढला, परत स्टार्टर मारला, एसी लावला. पंखा फिरेना. म्हणजे दुसरा क्लचचा. पंख्याच्या रिलेपेक्षा त्याचं टोपण कितीतरी जास्त तापलेलं होतं.

“दादा, पण वाजतोय की तो. मग चांगलाच असणार ना?” पोराने विचारलं.

हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात, याची मला खरंच चीड येते. टक आवाज येतो तो रिलेच्या 85 आणि 86 या पिनांमधल्या कॉइलने, म्हणजे चुंबक बनणाऱ्या तारेच्या गुंडाळीने, पत्ती ओढल्याचा. क्लचकडे जाणारा करंट वाहतो 30 मधून 87 मध्ये, त्या पत्तीच्या कॉन्टॅक्टवरून, म्हणजे जिथे धातूला धातू टेकतो तिथून. कॉइल ठणठणीत आणि कॉन्टॅक्ट जळालेला, असं सर्रास असतं.

पोराच्याच हातात मल्टिमीटर दिला. क्लचचा प्लग सोडून सप्लाय बघितला तर 13.8 व्होल्ट. इथे बरेच जण थांबतात आणि दोष क्लचवर किंवा कॉम्प्रेसरवर टाकून मोकळे होतात. आम्ही प्लग परत लावला आणि प्लगच्या मागच्या बाजूने मीटरच्या पिना टेकवल्या. आता 6.5 व्होल्ट. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. क्लच तीन-चार अँपिअर मागतो, तेव्हा खरं उघडं पडतं. क्लचची अर्थिंग, म्हणजे बॉडीकडची जोडणी, तपासली, ती पक्की होती. वायर की रिले, एवढंच राहिलं. रिले काढून 30 आणि 87 च्या खाचांमध्ये फ्यूज असलेली वायर जोडली आणि खट्दिशी क्लच लागला. ही वायर काही सेकंदच ठेवायची, कारण तेवढा वेळ प्रेशर स्विचचं संरक्षण राहत नाही.

मग रिले टेबलावर घेतला. कॉइल 80 ओहमच्या आसपास, ठीक. 85-86 ला बॅटरी देऊन 30-87 मोजलं, तेही ठीक, कारण रिले तोवर निवला होता. म्हणून 55 वॉटचा हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून जोडला, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. सुरुवातीला बल्ब लख्ख. काही मिनिटांत पिवळट पडायला लागला. चांगल्या रिलेत 30 आणि 87 च्या दरम्यान 0.1 ते 0.2 व्होल्टच पडायला हवेत. इथे तीनच्या वर गेले आणि वाढतच होते. टोपण उचकटलं. एका कॉन्टॅक्टवर खड्डा, समोरच्यावर त्याच मापाचा टेंगूळ, भोवती काजळी, आणि शेजारचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं.

नवा रिले टोचून गाडी देता आली असती, पण जुना कशामुळे जळाला हे बघितल्याशिवाय मी सोडत नाही. क्लचची कॉइल 3.6 ओहम निघाली, म्हणजे ती जास्त करंट ओढत नव्हती. या गाडीत क्लचच्या वायरींमध्ये टेपखाली एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, असतो. क्लच सुटताना कॉइलमधून जो उलटा झटका येतो तो हा डायोड जिरवतो. कॉइलला समांतर असल्याने तो जागेवर मोजून कळत नाही, कॉइलचंच रीडिंग येतं. एक पाय सोडवून मोजला. दोन्ही बाजूंनी उघडा, म्हणजे कुठल्याच दिशेने करंट जात नव्हता. प्रत्येक वेळी क्लच सुटला की ठिणगी थेट रिलेच्या कॉन्टॅक्टवर पडत होती, आणि एसीचा क्लच दिवसभर लागत-सुटत असतो.

डायोड रेघेची बाजू पॉझिटिव्हकडे ठेवून झाळला. उलटा लागला तर सरळ शॉर्ट. रिले त्याच नंबरचा घातला. मग तासाहून जास्त वेळ एसी लावून गाडी उभी ठेवली, क्लचवर 13.6 व्होल्ट कायम राहिले.

“मग कॉम्प्रेसर?” काकांनी कागद पुढे करत विचारलं.

“त्याला काही झालेलं नाही, काका. पुन्हा कधी कोमट हवा आली तर एसी बंद करू नका. बॉनेट उघडून लांबूनच बघा, क्लचची प्लेट पुलीबरोबर फिरतेय की थांबलीय, आणि मला फोनवर तेवढं सांगा.”